लाल दोऱ्याच्या जागी हिरवा

अप्पा, मी एका पोरीला मारलं. पोरगी म्हणजे लहान लेकरू नव्हे. माझ्या हाताखाली काम करणारी, शिकलेली, पंचविशी ओलांडलेली. दहा माणसांच्या देखत तिच्या कानाखाली वाजवली. तुम्ही मारायचात तसाच पंजा सपाट धरून, कोपर मागं नेऊन. तिच्या डोक्यावरची लोकरीची टोपी उडून बर्फाच्या चिखलात पडली, आणि गालाला हात लावायच्या आधी ती टोपी उचलायला वाकली. तिनं झाडांच्या खुणा उलटसुलट केल्या म्हणून मी मारलं. तीन आठवड्यांनी माझ्याच वहीत मला दिसलं की चूक तिची नव्हती, माझी होती. हे तिला माहीत नाही. ती अजून स्वतःलाच दोष देत फिरते. तिला खरं सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि तो घेऊन मी तीन गाड्या बदलून सेलूला दादाच्या घरी येऊन बसले आहे. उत्तर काय आहे ते मलाही कळतं. जीभ उचलत नाही.

वैशाखातली दुपार आहे. वहिनी लग्नासाठी माहेरी गेली आहे. कापसाचा हंगाम सरला, जिनिंग बंद आहे, म्हणून दादा घरीच आहे आणि जेवून निजला आहे. मी स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल ओढून लिहिते आहे. दादा कसा झोपतो ठाऊक आहे तुम्हाला? उजवा कान उशीत दाबून. डावा तुम्ही फोडलात, त्यामुळे चांगला कान उशीत गेला की जग बंद. मघाशी माझ्या हातून स्टीलचं भगुणं फरशीवर पडलं, सगळी गल्ली जागी झाली असेल, हा हलला नाही. चाळीस वर्षं तो असा झोपतो आहे. वहिनी म्हणते, त्याच्याइतकी शांत झोप घरात कुणाला लागत नाही. ती हे हसत म्हणते आणि मला तिथून उठावं लागतं.

माझं काम मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. सफरचंद म्हटलं की तुम्ही हसायचात. "दवाखान्यात न्यायचं फळ ते. त्याची कसली शेती?" पण काम तुमचंच आहे अप्पा, फक्त मुलूख दुसरा. मोसंबीसारखंच सफरचंदही बी लावून नीट येत नाही. खालचं मूळ एका झाडाचं, वर बसवलेला डोळा, म्हणजे कळीचा तुकडा, दुसऱ्याचा. तुम्ही खालच्या झाडाला खुंट म्हणायचात, मीही तेच म्हणते. तिकडची डोंगरातली माणसंही आता माझं ऐकून खुंट म्हणायला लागली आहेत. मी जिथं असते तिथं पाच-सहा महिने जमीन दगड होऊन पडते. बाहेरच्या माणसाला वाटतं थंडीनं फांद्या मरतात. फांदी सहसा मरत नाही, मूळ मरतं. बर्फ भरपूर पडला तर झाडाच्या बुडाला वाकळ पांघरल्यासारखं होतं, मुळं वाचतात. ज्या वर्षी थंडी पडते पण बर्फ पडत नाही, त्या वर्षी उघड्या जमिनीतून गारठा खाली उतरतो आणि मुळांचा कोळसा करतो. वर काही दिसत नाही. वसंतात कळ्या फुटतात, फुलं येतात, मालक पेढे वाटतो, आणि महिन्याभरात झाड उभ्या उभ्या वाळतं, कारण खोडात साठवलेलं होतं ते संपलेलं असतं आणि खालून काही येत नसतं. एका म्हाताऱ्याला मी पाहिलं आहे, तो ओळीतून चालत एकेका झाडाला हात घालून उपटत होता, आणि झाड भाजीच्या जुडीसारखं हातात येत होतं. तो रडत नव्हता. तो शिव्या देत होता, त्याला हे खुंट निवडून देणाऱ्याच्या सात पिढ्यांना. ते निवडून देणारं माणूस माझ्याच फळ-संशोधन केंद्रातलं होतं, माझ्या आधीचं.

म्हणून माझा सगळा जन्म खुंट निवडण्यात गेला. बुटका खुंट घेतला तर तिसऱ्या वर्षी फळ, शिडी लागत नाही, लोकांना तोच हवा असतो. पण त्याचं मूळ नाजूक. रानातल्या आंबट सफरचंदाचं बियाणं लावलं तर मूळ लोखंडी, पण झाड ताडमाड होतं, फळाला वाट बघायला लावतं, आणि माघात दोन दिवस ऊन पडलं की फसून जागं होतं, मग मागून आलेली थंडी त्याची साल उभी चिरते. तिसरा एक आहे, बुटका आणि तरी थंडी सोसणारा. त्याच्या खोडाची साल नखानं खरवडली तर आत लाकूड लालसर दिसतं. त्याला आधाराचा खांब लागतो, पाण्याची हेळसांड चालत नाही, पण मूळ टिकतं. सात हिवाळे मी मुळं उकरून, चिरून, रंग बघितला. पांढरं म्हणजे जिवंत, तपकिरी म्हणजे गेलं. सातव्या हिवाळ्यानंतर मी त्या लाल खुंटावर सही केली. वरच्या खोऱ्यातल्या लोकांना तीच झाडं द्यायची ठरली. ही सगळी अक्कल तुमची. "वर काय बघायलीस? खाली बघ. पान खोटं बोलतंय, खुंट बोलत न्हाई."

हे वाक्य तुम्ही मला पहिल्यांदा ऐकवलंत तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. चुडाव्याच्या स्टेशनापासून कोसभर आपलं रान, विहिरीच्या अंगाला रोपवाटिका, काळ्या पिशव्यांच्या ओळी. कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग कपाळाला टेकवून तुम्ही ओळीत उकिडवे बसलेले. दोन रोपांची दोन पानं चुरडून तुम्ही माझ्या नाकाशी धरलीत. एक जंबेरीचं, एक रंगपूर लिंबाचं, मोसंबीचे दोन खुंट. "कंचं कंचं?" मी चुकले. पाठीत निंबाची फोक बसली. परत पानं. परत चुकले, परत फोक. तिसऱ्यांदा बरोबर आलं आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. पाठ जळत होती आणि मला गुदगुल्या झाल्यासारखा आनंद झाला. त्या आनंदाचा मला अजून राग येतो. जंबेरी माळरानाला चांगली, रंगपूर काळ्या, पाणी धरणाऱ्या चिबड जमिनीला. काळ्या जमिनीत जंबेरी दिली तर पाच-सहा वर्षांनी बुडातून डिंक गळतो आणि बाग बसते. हे मला फोकेनं शिकवलंत आणि मी ते कधी विसरले नाही. पण केंद्रात मी न मारता शिकलेली माणसंही पाहिली, तीही काही विसरलेली नाहीत.

माझ्या डाव्या हाताचं तर विचारूच नका. मी डावखुरी जन्मले, आणि "देवाला डावा हात दाखवतीस व्हय?" म्हणत तुम्ही तो हात महिनाभर जुन्या धोतराच्या धडप्यानं कमरेला बांधून ठेवलात. माय भाकरी उजव्या हातात द्यायची. शेवटी मी उजव्या हातानं लिहायला, जेवायला, चाकू धरायला शिकले. एक गोष्ट मात्र हातानं सोडली नाही. गाठ मी डाव्यानंच मारायची, तुमची पाठ फिरली की.

आता त्या राखीचं. बाजारातल्या चमकीच्या राखीवर तुमचा राग. मी सेलूहून राखी आणायला सांगितली तर म्हणालात, "चमकी कशाला? भावाला दोरा बांध की. दोऱ्यातच असतंय सगळं." बरं. दोरा कुठं होता? तुमच्या रोपांना होता. खुंटावर डोळा भरून झाला, खुंटाचं वरचं छाटून टाकलं की पिशवीत फक्त मोसंबीचं पान दिसतं. खाली कोणता खुंट आहे ते पानावरून कुणालाच कळत नाही, तुम्हालासुद्धा नाही. म्हणून जंबेरीच्या बुंध्याला लाल दोरा, रंगपूरला हिरवा. मला राखीला गोंडा करायचा होता. घरातला लाल दोऱ्याचा गुंडा संपला होता. मी कोपऱ्यातल्या जंबेरीच्या ओळीतले चाळीसेक लाल दोरे सोडले, दादाच्या मनगटावर मावणार नाही एवढी राखी केली, आणि उघडी रोपं तुमच्या नजरेला पडतील म्हणून खिळ्यावरच्या हिरव्या गुंड्यातले तुकडे कापून त्यांना बांधले. बाजारच्या दिवशी नवा लाल गुंडा आला की गुपचूप बदलायचे, एवढीच अक्कल. दहा वर्षांची होते अप्पा. दादा चौदाचा.

बाजारचा दिवस यायच्या आधी श्रावणातला सोमवार आला. सोनपेठकडच्या एका शेतकऱ्यानं गोदाकाठच्या काळ्या रानासाठी सहाशे रंगपूरवरची झाडं सांगितली होती, मंगळवारी त्याचा ट्रॅक्टर येणार होता. सोमवारी तुम्ही झाडाला चाकू लावत नसायचात, महादेवाचा वार. पण पिशव्या उचलून रचायला हरकत नव्हती. तुम्ही आणि दादा हिरवा दोरा बघून पिशव्या उचलताय, विहिरीपाशी रचताय. सगळं एका ढिगात जातंय. मी रानातल्या घराच्या दारातून बघते आहे, माझ्या चाळीस जंबेऱ्याही त्यातच चालल्या आहेत. आणि दादानं पिशवी द्यायला हात लांब केला, बाही वर सरकली, राखी दिसली.

तुम्ही पिशवी खाली ठेवलीत. राखीचा गोंडा दोन बोटांत धरून बघितलात. तो दोरा तुम्ही स्वतः रंगवून आणायचात, ओळखायला वेळ लागला नाही.

"हा दोरा कुठला हाय?"

दादानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "म्या काढला."

"कशाला?"

"राखीला."

"कितींचा काढलास? कोणत्या ओळीचा? त्यास्नी काय बांधलंस?"

त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. "ध्यानात न्हाई," म्हणाला.

पहिला पंजा डाव्या कानावर बसला. तो आवाज मी अजून ऐकते, ओल्या पोत्यावर फळी आपटावी तसा. दादा ढिगावर पडला, तुम्ही मानेला धरून उठवलंत आणि तिथंच परत मारलंत, आणि परत. मग आधाराची बांबूची काठी उपसलीत. तुम्ही ओरडत होतात, "लोकाचं रान मातीत घालशील! सहा वर्षं पाणी घालंल त्यो माणूस, सहा वर्षं!" त्याच्या कानातून पाण्यासारखं लाल गळ्यापर्यंत आलं. आत माय चुलीपुढं भाकरी थापत होती. ती बाहेर आली नाही. ती जोरजोरात थापायला लागली, भाकरी फाटेल इतक्या जोरात, आणि आम्हाला दोन्ही आवाज एकदम ऐकू येत होते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. 'मी काढला' हे तीन-चार पावलांवर होतं. मी नाही गेले.

मग तुम्ही कोयता आणलात. ज्या दिवशी तुम्ही झाडाला नख लावत नव्हतात, त्या दिवशी सहाशे झाडं तोडलीत. उभी पिशवी, एक घाव, डोळ्याच्या जोडाखाली. पिशव्या फाटून माती उडत होती, मोसंबीच्या पानांचा वास असा सुटला की डोळे चरचरले. शे-दीडशेनंतर तुमचा हात सोलला, कोयत्याच्या मुठीला रक्त लागलं, तरी थांबला नाहीत. शेजारच्या रानातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली, कुणी पुढं झालं नाही. झाडं संपल्यावर तुम्ही त्या कचऱ्यात बसून राहिलात. विभूती घामानं ओघळून दाढीत आली होती. तुमच्याकडं बघून मला तेव्हा भीती नाही वाटली, दया आली. त्या दयेचीही आता चीड येते.

मंगळवारी सोनपेठचा शेतकरी आला, ढीग बघितला, पटका काढून तुमच्या पाया पडला. "असा माणूस जिल्ह्यात न्हाई. थोड्या चुकीच्या झाडांपायी सहाशे तोडली, पण खोटं कलम दिलं न्हाई." त्या वाक्याचं पुढं काय झालं तुम्हाला माहीतच आहे. सेलूपासून सोनपेठपर्यंत लोक तुमच्याकडून डोळे बांधून रोपं न्यायला लागले. मीही ती गोष्ट कितीदा सांगितली! पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत सांगितली, केंद्रात नव्या माणसांना सांगितली, टाळ्या घेतल्या. कानाचा भाग गाळून. दादाची शाळा पुढच्या वर्षी सुटली, मास्तर काय बोलतात ते मागच्या बाकावरून ऐकू येत नाही म्हणून. आणि मी परभणीला शिकायला निघाले तेव्हा तुम्ही कोनाड्यातून तुमचा चाकू काढलात, शिंगाच्या मुठीचा, डोळे भरायचा, जो दादाला कधी हात लावू दिला नव्हता. माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "घे. तुझाच हाय." मी तो कपाळाला लावला. वाटलं, माझ्या हुशारीचं बक्षीस मिळालं.

आता एक गोष्ट ऐका, जी मला खुंटांचा धंदा पोटापाण्याला लागल्यावर कळली आणि कळल्यावर दोन दिवस मला अन्न गेलं नाही. ती झाडं तोडायची गरजच नव्हती. कलमाच्या जोडाखालून खुंटाला फूट येतेच, आपण ती रोज खुडतो म्हणून दिसत नाही. तीन-चार आठवडे न खुडता ठेवली असती तर प्रत्येक पिशवीत खुंटाचं पान आलं असतं. चुरडायचं, वास घ्यायचा, चाळीस जंबेऱ्या बाजूला काढायच्या. शेतकऱ्याला म्हणायचं, गणपती झाल्यावर ये. हे तुम्हाला माहीत नव्हतं? तुम्हाला? ज्यानं मला सातव्या-आठव्या वर्षी फोका मारून तो वास शिकवला? माहीत होतं. पण तुम्हाला त्या दिवशी सचोटी दाखवायची नव्हती, तोडायचं होतं. राग आला होता, आणि रागाला लोकांनी सचोटीचा पटका बांधला. तुम्ही बांधू दिलात.

हे इतकं लख्ख कळलेली मी, अप्पा, मार्चअखेरीस काय केलं ते सांगते. वरच्या खोऱ्यात द्यायची झाडं उपटून जुड्या बांधायचं काम चाललेलं. मी एका जुडीतल्या झाडाचं बुड सहज खरवडलं, तुमच्याच चाकूनं. लाकूड लाल नाही. दुसरं खरवडलं. लाल नाही. लाल खुंटाच्या नावाच्या पट्ट्या नाजूक खुंटाच्या झाडांना बांधलेल्या. मला तो झाडं उपटणारा म्हातारा दिसला. आदल्या वर्षी पट्ट्या त्या पोरीनं बांधल्या होत्या. मी विचारलं, "या ओळीला पट्टी कुणी लावली?" ती म्हणाली, "मी, मॅडम." एवढंच. पुढचं काही बोलायच्या आत माझा हात गेला होता. मग मी मजुराच्या हातातली विळ्यासारखी दराती घेतली आणि जुड्या तोडायला लागले. तीन ओळींची झाडं. कुणी अडवलं नाही. एकेका झाडाचं बुड खरवडून लाल आणि बिनलाल वेगळं करायला दोन माणसांना दोन दिवस लागले असते. महिनाही नाही, दोन दिवस. जे मी तुमच्याबद्दल इतकी वर्षं मनात घोकत होते, ते माझ्या एकदाही मनात आलं नाही. हात भरून आले तेव्हा थांबले. आणि खोऱ्यातला एक माणूस पुढं येऊन हात जोडून म्हणाला, "मॅडम चुकीचं झाड देत नाहीत." शपथेवर सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं.

एप्रिलात जुनी वही काढली. आदल्या वसंतात ओळींचा नकाशा मी काढला होता, बाण करून लिहिलं होतं, ओळी शेडकडून मोजायच्या. आणि पट्ट्या बांधायच्या दिवशी मी नदीच्या अंगाला उभी राहून, नदीकडून मोजून, मोठ्यानं नावं सांगितली होती. ती पोरगी मी सांगेन ते बांधत गेली. अक्षर माझं, बाण माझा.

काल सकाळी चहा घेताना मी दादाला हे सगळं सांगितलं. त्याच्या उजव्या अंगाला बसून. आणि त्याच दमात ते चाळीस वर्षांपूर्वीचंही बोलले, की दादा, तुझा कान माझ्यापायी गेला, आणि अप्पा मरेपर्यंत मी त्यांना सांगितलं नाही. तो बशीत चहा ओतत होता. ओतून झाल्यावर म्हणाला, "अप्पाला ठाऊक व्हतं की."

मला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं परत म्हणाले.

"वरडू नगंस, ह्या कानानं येतंय मला. त्याच दिशी सांच्याला अप्पा मूठभर हिरवे दोरे घिऊन आला माज्याकडं. गाठी दाखवल्या. म्हनला, ही डाव्या हाताची गाठ हाय. तुजी न्हवं."

"मग?"

"मग काय न्हाई. म्हनला, पोरीला सांगू नगंस. अन् लसूण टाकून त्याल गरम केलं, माझं डोस्कं मांडीवर घेतलं, अन् कानात वतलं. आठ दिवस रोज वतायचा. लय चरचरायचं. दाक्तर मागनं म्हनला, त्यानंच जास्ती बिघडलं." तो हसला. "मांडीवर घ्यायचा पर. त्याच्या आदी कदी घेतलं न्हवतं."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तुला लय काळजी व्हती अभ्यासाची."

हे आहे अप्पा. ह्याच्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले. तुम्हाला माहीत होतं. त्याच संध्याकाळी माहीत होतं. ढिगात बसून तुम्ही दोरे सोडत होतात आणि मला तुमची दया येत होती. दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्यानं पाया पडून तुम्हाला मोठं केलं तेव्हाही माहीत होतं. गावासमोर मारलंत, तेल घरात घातलंत. पंजा उजेडात आणि मांडी आत. चौदा वर्षांच्या पोरासमोर 'चुकलो' म्हणायला तुम्हाला काय झालं असतं? विभूती पुसली असती? तो तुमच्या मांडीवर कृतज्ञ होऊन पडला, आणि अजून कृतज्ञ आहे, त्याचाच मला संताप येतो. उठवून त्याला हलवावं, ओरडावं वाटतं, आणि ओरडले तरी तो निजलेला आहे, उशीवर चांगला कान. आणि चाकू! 'घे, तुझाच हाय.' तुम्ही माझ्या डाव्या हाताकडं बघत म्हणाला होतात, आता आठवतं. बक्षीस नव्हतं ते. मला न मारल्याचं, त्याला मारल्याचं, कुणालाच काही न सांगितल्याचं, सगळ्याचं मिळून ते एक पातं होतं, आणि ते मी बत्तीस वर्षं खिशात घालून मिरवते आहे.

आपल्यात माणसाला बसवून माती देतात. विहिरीच्या बांधाला तुम्ही बसलेले आहात, म्हणून मला नेहमी वाटतं की तुम्हाला बोललेलं ऐकू जातं. हे कागद तिथं नेऊन दगडाखाली ठेवावे असं मनात होतं. चुडाव्यापर्यंत गाडी आहे, तिथून चालत. नाही जाणार. तुम्ही उलट बोलणार नाही, हे माहीत असल्यामुळंच मी तुम्हाला लिहिलं. जिला लिहायला हवं ती बोलेल.

आणि एक सांगायचं राहिलं. पहिल्या पानावर सांगायचं होतं, सांगवेना. वहीत ते पान बघितल्यावर चार दिवसांनी मी त्या पोरीला चाकू घेऊन दिला. चांगला, परदेशी पात्याचा, शहरातून मागवून. तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, आणि तिच्या हातात ठेवला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, डोक्याला लावला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मॅडम, म्हणजे तुम्ही मला माफ केलंत ना?"

मी हो म्हणाले, अप्पा.